मुंबईचे एकमेव विजेतेपद आणि त्याचे वारस : राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००५-०६

१/
२००६च्या उन्हाळ्यात भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा दहावा हंगाम संपला. गुणतक्त्यात पहिल्या स्थानी मुंबईचा महिंद्रा युनायटेड होता, दुसऱ्या स्थानी कोलकात्याचा ईस्ट बंगाल आणि तिसऱ्या स्थानी मोहन बागान. ही लीग ११ हंगाम चालली. त्यांत मुंबईच्या, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे एकमेव विजेतेपद. पुढे चारच वर्षांत विजेता संघ विसर्जित झाला. त्याच्या मागे राहिलेले दोन्ही संघ आजही देशाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळतात. जिंकणारा नाहीसा होतो आणि हरणारे टिकतात, हे कसे घडले, याचा हा थ्रेड.

२/
वाचकहो, हा विषय उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधून मांडण्यास एक कारण आहे. कूपरेजच्या मैदानाशी आपला संबंध केवळ सीएसएमटीच्या लोकलपुरता आहे असे वाटते. परंतु त्या हंगामाच्या गुणतक्त्यातील पहिल्या दोन नावांच्या मागे १९४७ची फाळणी उभी आहे, आणि आपले शहरही त्याच फाळणीतून जन्मले आहे. तो धागा पुढे येईल. आधी लीगची पार्श्वभूमी पाहू.

३/
भारतात फुटबॉल जुने असले तरी राष्ट्रीय लीग फार उशिरा आली. ड्युरँड चषक १८८८ पासूनचा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा, कोलकात्याची आयएफए शील्ड १८९३ पासूनची. या सर्व बाद पद्धतीच्या स्पर्धा होत्या; हरला की परतीची गाडी. वर्षभर चालणाऱ्या साखळी स्पर्धा शहरापुरत्या असत. कोलकात्याची लीग १८९८ मध्ये सुरू झाली, मुंबईची हारवूड लीग १९०२ मध्ये. त्यामुळे देशातील सर्वोत्तम क्लब कोणता, या प्रश्नाला जवळजवळ शंभर वर्षे निर्णायक उत्तर नव्हते.

४/
ते उत्तर देण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली. पहिले विजेतेपद पंजाबमधील फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने पटकावले. भायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन त्या संघात होते. एका कापडगिरणीच्या संघाने कोलकाता आणि गोव्याच्या मातब्बर क्लबांना मागे टाकले, ही तेव्हाची मोठी बातमी होती. ‘कंपनीचा संघ’ हे शब्द लक्षात ठेवा. या कथेचा कणा तोच आहे.

५/
मुंबईच्या फुटबॉलचे वैभव एके काळी थोडेथोडके नव्हते. रोव्हर्स चषकासाठी देशभरातील संघ कूपरेजवर येत. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा तो जिंकला, तोही येथेच. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा होता. त्या ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. मात्र या शहरात, कोलकात्यासारखे, सभासदांच्या वर्गणीवर आणि निष्ठेवर उभे राहिलेले विराट क्लब घडले नाहीत. येथे फुटबॉलला आश्रय दिला तो कंपन्यांनी.

६/
टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, बँका आणि रेल्वे यांचे संघ हेच मुंबईचे फुटबॉल. त्याची रीत साधी होती. खेळाडूला स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळे. तो हजेरीपटावर असे, पगार कंपनीचा, सरावासाठी कामातून सवलत. पाय थकले की खुर्ची तयार असे. निवृत्तीपर्यंत पगार, नंतर फंड. चाळीत वाढलेल्या मुलाच्या आईवडिलांना ‘फुटबॉल खेळून काय मिळणार’ या प्रश्नाचे हे ठोस उत्तर होते. १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला, तो याच व्यवस्थेच्या बळावर.

७/
या व्यवस्थेचा दोष तिच्या गुणातच दडलेला होता. संघाचा मालक कंपनी, मैदानाचा खर्च कंपनीचा, निर्णयही कंपनीचाच. पाठीराखे असत, पण त्यांना सभासदत्व नव्हते, मत नव्हते. ताळेबंदात जमेची बाजू भक्कम असेपर्यंत संघ सुखात राही. अंबरनाथची विम्को आगपेटी कंपनी किंवा शहाडची सेंच्युरी रेयॉन यांच्या परिसरात वाढलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. कारखान्याच्या भोंग्यावर ज्या वसाहतीचा दिवस उगवतो, तिचे भवितव्यही त्या भोंग्याशीच बांधलेले असते.

८/
आता महिंद्राकडे वळू. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा आणि जे. सी. महिंद्रा या बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. नाव होते ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. १९४७ मध्ये फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. आद्याक्षरे तीच राहिली, एक नाव मात्र गळून पडले. पुढे जीपच्या निर्मितीने हे नाव देशभर पोहोचले.

९/
ज्या उलथापालथीने कंपनीच्या पाटीवरचे नाव बदलले, तिनेच कल्याणजवळच्या एका ओसाड लष्करी छावणीचे भाग्यही बदलले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. छावणीचे भाग पाडले गेले, त्यांना क्रमांक मिळाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. आपण आजही पत्त्यात ‘कॅम्प नं. ३’ लिहितो, तो त्या काळाचा शिक्का आहे.

१०/
महिंद्राचा फुटबॉल क्लब १९६२चा. प्रारंभी तो इतर कंपनी-संघांसारखाच एक, मुंबईच्या स्थानिक स्पर्धांत रमणारा. १९९८ मध्ये त्याने ड्युरँड चषक जिंकला आणि देशाचे लक्ष वेधले. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे कार्यालयीन नाव मागे पडून ‘महिंद्रा युनायटेड’ हे क्लबाला शोभणारे नाव आले. वृत्तपत्रे मात्र त्यांना कौतुकाने ‘जीपमेन’ म्हणत. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन चषक, अशी चढण सुरू राहिली. हजेरीपटावरच्या नोकरदार खेळाडूंची जागा हळूहळू करारबद्ध व्यावसायिकांनी घेतली.

११/
या चढणीचा एक भाग इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या काळात पार पडला. त्यानंतर सूत्रे डेरिक परेरा यांच्याकडे आली. परेरा गोव्याचे, खेळाडू म्हणून साळगावकरचे खंबीर बचावपटू. परदेशी प्रशिक्षकांचे आकर्षण वाढत असलेल्या काळात मुंबईच्या क्लबाने एका गोमंतकीय माणसावर भिस्त ठेवली. २००५चा फेडरेशन चषक महिंद्राने जिंकला आणि लीगचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच इतरांना इशारा मिळाला.

१२/
संघात दोन परदेशी आघाडीपटू होते, आणि दोघांनाही भारतीय फुटबॉलची नस ठाऊक होती. एक होजे रामिरेझ बारेटो, ब्राझीलचा. मोहन बागानच्या पाठीराख्यांनी ज्याला डोक्यावर घेतले होते, तो आता मुंबईकडून खेळत होता. दुसरा घानाचा युसिफ याकुबू. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळताना तो लीगच्या २००२-०३ हंगामात सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. मध्यरक्षकांत स्टीव्हन डायससारखा मुंबईच्या मातीतला, पल्लेदार क्रॉस देणारा खेळाडू. अनुभव आणि स्थानिक दम यांचा हा मेळ होता.

१३/
स्पर्धा सोपी नव्हती. १० संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा घरी आणि एकदा दारी.  जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत कोलकात्याची दमट हवा, पंजाबची थंडी आणि गोव्याची लाल माती यांतून प्रवास. बाद पद्धतीत एखादा दिवस नशीब साथ देऊन जाते. साखळीत तसे होत नाही. तेथे राखीव खेळाडूंची फळी, दुखापतींचे नियोजन आणि बरोबरीत सुटणारा सामना खेचून आणण्याची सवय यांची परीक्षा होते. म्हणूनच लीगचे विजेतेपद चषकापेक्षा वजनदार मानले जाते.

१४/
प्रतिस्पर्धीही तोलामोलाचे होते. आर्मांदो कुलासो यांचा धेंपो हा गतविजेता. त्याचा रँटी मार्टिन्स त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा ठरला. ईस्ट बंगालने २००२-०३ आणि २००३-०४ ही सलग दोन विजेतेपदे मिळवली होती. शिवाय २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब अजिंक्यपद जिंकून परदेशी भूमीवर नाव कोरले होते. अशा मंडळींना मागे टाकून महिंद्राने लीग जिंकली. फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग अशी दुहेरी मोहोर एकाच हंगामात उमटली.

१५/
येथे क्षणभर उपविजेत्याकडे पाहू, कारण खरा प्रश्न तेथून सुरू होतो. ईस्ट बंगाल क्लबाची स्थापना १ ऑगस्ट १९२० रोजी झाली. निमित्त मानापमानाचे होते. जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून पूर्व बंगालच्या शैलेश बोस यांना वगळले. क्लबाचे एक पदाधिकारी सुरेशचंद्र चौधुरी यांनी संतापून राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांसह नवा क्लब काढला. कोलकात्यात पूर्वेकडून आलेल्यांना परके लेखले जाई. त्या परकेपणाला दिलेले हे उत्तर होते.

१६/
१९४७ नंतर या क्लबाचा अर्थच पालटला. पूर्व पाकिस्तानातून लोंढ्यालोंढ्याने निर्वासित आले. घर, शेती, नदी, गाव, सारे सीमेपलीकडे राहिले. नकाशावर ‘पूर्व बंगाल’ हे नाव पुसट होत गेले, मैदानावर मात्र ते दर आठवड्याला उच्चारले जात होते. तंबूत राहणाऱ्या माणसाला लाल-सोनेरी झेंड्याखाली आपले गाव सापडे. मोहन बागान जिंकला की कोळंबी महागणार आणि ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा, ही कोलकात्यातील थट्टा त्याच स्थलांतराची खूण आहे.

१७/
या निष्ठेचे माप हवे असेल तर १३ जुलै १९९७ ही तारीख पाहा. फेडरेशन चषकाची उपांत्य लढत, स्थळ कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम, समोरासमोर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. सुमारे १,३१,००० प्रेक्षक. भायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला. आणि ही केवळ उपांत्य फेरी होती. कूपरेजने असा जनसागर कधी पाहिला नाही. तेवढी जागाही तेथे नाही.

१८/
तर २००५-०६च्या गुणतक्त्यात वरची दोन नावे अशी होती : फाळणीत जिच्या नावातला एक शब्द बदलला, त्या कंपनीचा संघ पहिला, फाळणीत ज्यांचे सारेच गेले, त्या माणसांचा क्लब दुसरा. त्या वर्षी मैदानावर कंपनी श्रेष्ठ ठरली, याविषयी दुमत नाही. महिंद्राचे विजेतेपद उसने किंवा उपरे नव्हते. साखळीच्या दीर्घ कसोटीतून ते आले. पण पुढच्या काळाने दुसरी कसोटी लावली, आणि तिचे नियम वेगळे होते.

१९/
विजयानंतर महिंद्राची घसरण झाली असे मानू नका. २००६ मध्ये आयएफए शील्ड, २००७ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या एएफसी चषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल, २००८ मध्ये पुन्हा शील्ड आणि पुन्हा ड्युरँड. दरम्यान २००६-०७ मध्ये धेंपोने लीग परत मिळवली, आणि तो राष्ट्रीय फुटबॉल लीगचा अखेरचा हंगाम ठरला. २००७च्या अखेरीस तिची जागा आय-लीगने घेतली. महिंद्रा तेथेही बलाढ्य संघांत गणला जाई.

२०/
आणि तरीही २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की २००९-१०चा हंगाम संपताच व्यावसायिक संघ बंद होईल. यापुढे शालेय आणि तळागाळातील फुटबॉलवर लक्ष देण्यात येईल. संघ कर्जात बुडाला नव्हता, खालच्या श्रेणीत ढकलला गेला नव्हता, जिंकणे विसरला नव्हता. एका व्यवस्थापकीय निर्णयाने ४८ वर्षांचा क्लब संपला. कंपनीवर येथे दोषारोप करण्याचे कारण नाही. पैसा तिचा होता, अधिकार तिचा होता, आणि शालेय फुटबॉल हे काही हीन कार्य नव्हे. प्रश्न असा की त्या निर्णयाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच का नव्हता?

२१/
मुंबईत निषेध करावा असे सभासद नव्हते. सर्वसाधारण सभा नव्हती, निवडणूक नव्हती, वर्गणीची पावती नव्हती. बारेटोचा खेळ पाहण्यासाठी चर्चगेटला उतरणारा प्रेक्षक महिंद्राचा चाहता होता, पण महिंद्रा त्याचा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि भारतीय फुटबॉल नव्या अर्थकारणात शिरले. मुंबईचा एकमेव राष्ट्रीय विजेता तोवर इतिहासजमा झाला होता.

२२/
आता साऱ्या ११ हंगामांचा हिशेब मांडू. विजेते क्लब एकूण सहा. मोहन बागान ३ वेळा, ईस्ट बंगाल ३ वेळा, धेंपो २ वेळा; जेसीटी, साळगावकर आणि महिंद्रा प्रत्येकी एकदा. यांतील जेसीटी २०११ मध्ये बंद झाला, महिंद्रा २०१० मध्ये. साळगावकर आणि धेंपो २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे २०२४-२५ मध्ये परतला, तोवर आय-लीग दुसऱ्या श्रेणीत गेली होती. म्हणजे उद्योगसमूहांच्या आधारावर उभे असलेले चारही विजेते राष्ट्रीय पटलावरून कधी ना कधी हटले. सभासदांचे दोन क्लब तेवढे अखंड राहिले.

२३/
येथे एक आक्षेप रास्त आहे. कोलकात्याचे क्लबही पैशासाठी उद्योगपतींच्याच दारी गेले ना? होय. १९९८ मध्ये यूबी समूहाने दोन्ही क्लबांत भागीदारी घेतली. मॅकडॉवेल आणि किंगफिशर ही नावे क्लबांच्या आधी झळकली. २०२० मध्ये मोहन बागानचे एटीकेशी एकत्रीकरण झाले. ईस्ट बंगालमध्ये गुंतवणूकदारांशी वाद पेटले. २००३-०४ नंतरची वीस वर्षे ईस्ट बंगालला राष्ट्रीय लीग जिंकता आली नाही. व्यवस्थापनाच्या गोंधळात सभासदांचे क्लब कोणाला हार जाणारे नाहीत.

२४/
पण संकटात काय घडते, तेथे फरक दिसतो. जुलै २०२१ मध्ये ईस्ट बंगालचे भवितव्य टांगणीला लागले तेव्हा पाठीराखे क्लबाच्या तंबूसमोर उतरले; पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. मोहन बागानच्या नावापुढचे ‘एटीके’ हटवावे म्हणून चाहत्यांनी तीन वर्षे धोशा लावला आणि २०२३ मध्ये ते हटले. पैसा उद्योगपतीचा असला तरी नावावर हक्क सांगणारे लोक होते. २०२४च्या जानेवारीत ईस्ट बंगालने सुपर कप जिंकला, तेव्हा १२ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर राष्ट्रीय चषक उचलायला क्लब शिल्लक होता. हीच ती दुसरी कसोटी.

२५/
महाराष्ट्राची यादी मात्र दीर्घ आणि उदास आहे. महिंद्रा २०१० मध्ये गेला. पुणे एफसी आणि कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सचे आय-लीगमध्ये दोन हंगाम झाले. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये तळाला जाऊन राष्ट्रीय स्तरावरून दिसेनासा झाला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. एअर इंडियाला परवान्याच्या निकषांमुळे २०१३ मध्येच आय-लीगचे दार बंद झाले होते. त्या निकषांनी नोकरीच्या आधारावरच्या जुन्या संस्थात्मक फुटबॉलचाही निरोप घेतला.

२६/
मग महिंद्राचे काहीच उरले नाही का? माणसे उरली. डेरिक परेरा पुढे पुणे एफसीचे प्रशिक्षक झाले. डेव्हिड बूथ मुंबई एफसीकडे गेले. महिंद्राच्या जर्सीत खेळलेले खालिद जमील अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, आणि त्याच हंगामात त्यांचा जुना मुंबई एफसी तळाला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. संस्था मिटली तरी तिच्यातले ज्ञान माणसांबरोबर फिरत राहते.

२७/
मुंबईला पुढचे राष्ट्रीय यश मिळायला १५ वर्षे लागली. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटी एफसीने इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले. बिपिन सिंगचा निर्णायक गोल ९०व्या मिनिटाला आला. साखळीतील अव्वल स्थानही मुंबईचेच होते. पण महामारीमुळे सारा हंगाम गोव्यात, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाला. शहराचा जल्लोष पुन्हा एकदा मैदानाबाहेर राहिला. आता अंधेरीच्या मैदानावर येणारी तरुण मंडळी जे गाणे-घोषणा करतात, त्यातून मुंबईत प्रथमच काहीतरी सभासदत्वासारखे रुजते आहे, अशी आशा धरायला जागा आहे.

२८/
शेवटी पुन्हा आपल्या गावाकडे. कोलकात्याच्या निर्वासितांना फुटबॉल क्लब आयता मिळाला. सिंधहून आलेल्यांना तसा मिळाला नाही. त्यांनी आपला मुलूख दुसऱ्या मार्गांनी जपला. कॅम्प नं. ५ मधील चालिया मंदिरात अखंड तेवणारी ज्योत सिंधमधून आणलेली आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. चालिहोचे ४० दिवसांचे व्रत आजही घरोघर होते. कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात ती ज्योत नाही. म्हणून एखाद्या संचालक मंडळाच्या ठरावाने ती विझतही नाही. ज्या गोष्टीचे मालक अनेक असतात, ती जगवणारेही अनेक असतात.

२९/
२००५-०६च्या विजेत्यांना असे वारस मिळाले नाहीत. जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे, कूपरेजच्या तिकिटाचा अर्धा तुकडा, कंपनीत नोकरीला असलेल्या एखाद्या काकांच्या कपाटातील संघाचा फोटो, एवढ्यावर तो इतिहास तग धरून आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या घरांत असे काही असेल तर तारीख आणि नावे लिहून ठेवा; फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिले तरी चालेल. माहिती सांगणारी पिढी अजून हयात आहे. तिच्यापाशी बसून ऐकायला फार उशीर करू नका.

३०/
थोडक्यात : लीग जिंकायला पैसा, प्रशिक्षक आणि दोन चांगले आघाडीपटू लागतात; महिंद्रापाशी ते सारे होते. क्लब टिकायला तो आपला मानणारी आणि तसे म्हणण्याचा हक्क असलेली माणसे लागतात. ती घडवायला मुंबईने कधी सवड काढली नाही. तुमच्या परिसरातील कोणत्या कंपनीचा, मिलचा, बँकेचा किंवा रेल्वेचा संघ तुमच्या घरातील कोणी पाहिला आहे? खाली जरूर लिहा. थ्रेड समाप्त.